गंगाजळी

संस्था काढायला सात माणसं लागतात. हे मी म्हणत नाही. १८६० सालचा संस्था नोंदणी कायदा म्हणतो. सातच का, सहा का नकोत, याचा खुलासा कायद्यानं केलेला नाही. पण चार-दोन वर्षं एखाद्या संस्थेत काढली की तो आपोआप होतो. एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, एक चिटणीस, एक सहचिटणीस, दोन सभासद सभेला गैरहजर राहायला, आणि सातवा खजिनदार. पहिले चौघे मिळून काय काय करायचं ते ठरवतात आणि सातवा उठून, पैसे नाहीत, असं सांगतो. सभा संपते. चहा होतो. चहाचे पैसे खजिनदार देतो.

आमच्या नगरातल्या वाचनालयाचा हा सातवा माणूस मी. माझी निवड एकमतानं झाली, कारण मी बँकेत कारकून आहे. बँकेत नोकरी करणाऱ्याला पैशातलं कळतं, अशी समाजाची एक भाबडी समजूत असते. हलवायाच्या दुकानातल्या माशीला बुंदी पाडता येते, असं मानण्यातलाच हा प्रकार. आम्ही दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो, एवढंच. माझ्या स्वतःच्या पगाराचा हिशेब आमची ही पाहते, आणि तिनं कॉमर्स कॉलेजची पायरीसुद्धा चढलेली नाही. मी मात्र बी.कॉम. आहे. तिच्याकडे रोजच्या रोज दहा-वीस रुपयांचा हिशेब देताना ही पदवी मला फार उपयोगी पडते.

त्यातून आमचं नगर म्हणजे पिंपरीतलं संत तुकाराम नगर. यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि वल्लभनगरचा एस.टी. स्टँड यांच्या शेजारचं. २०२२ पासून नगराच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं आहे, त्यामुळे पुण्याच्या बाजूनं येणारी माणसं आता तुकोबांचं नाव न चुकता ऐकतात, मग भले ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असोत. पण ज्यांचं नाव आम्ही लावतो, त्यांची हिशेबाची रीत आठवली की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. तुकोबांचं देहूचं घर महाजनकीचं, सावकारीचं. परंपरा असं सांगते, की तुकोबांनी घरातल्या कर्जखतांचे दोन वाटे केले. एक धाकट्या भावाला, कान्होबाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवून टाकली. आमच्या बँकेच्या भाषेत याला 'राइट ऑफ' म्हणतात आणि त्याला विभागीय कार्यालयाची तीन प्रतींत मंजुरी लागते. तुकोबांनी ती घेतली नाही. ज्या पुरुषानं खतावणी नदीत सोडली, त्याच्या नगरात बसून मी वाचनालयाची खतावणी लिहितो. लिहिताना जरा ओशाळल्यासारखंच होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मुद्दा आहे गंगाजळीचा.

पूर्वी काशीयात्रेहून परतलेला माणूस गंगेचं पाणी घेऊन यायचा. तांब्याचा लहानसा गडू, तोंड पक्कं बंद केलेलं. तो देवघरात ठेवायचा. तहान लागली म्हणून ते पाणी कोणी पीत नसे. पाहुणे आले म्हणून फोडत नसे. घरातलं कोणी शेवटच्या वाटेला लागलं, की गडू फोडायचा आणि दोन थेंब त्याच्या मुखात घालायचे. संस्थेच्या राखीव निधीला मराठी माणसानं गंगाजळी हाच शब्द दिला. दुसऱ्या भाषांत त्याला राखीव म्हणतात, साठा म्हणतात. आपण मात्र बारशालाच उत्तरक्रियेची सोय करून ठेवली. संस्था मरायला टेकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आणि हात लावला, की लोकांनी समजावं, वेळ जवळ आली.

आमच्या वाचनालयाची गंगाजळी पन्नास हजारांची आहे. १९९६ साली नगरातल्या लोकांनी ती जमवली. ही सगळी कंपन्यांतली माणसं. कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणी स्टोअर-कीपर. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरोघर हिंडून अकरा-अकरा, एकवीस-एकवीस रुपये त्यांनी गोळा केले आणि बँकेत मुदत ठेवीत ठेवले. त्या काळी ठेवीला बारा टक्के व्याज मिळे. बारा टक्क्यांनी पन्नास हजारांचे वर्षाला सहा हजार, म्हणजे महिन्याला पाचशे. त्यात ग्रंथपाल बाईंचं मानधन आणि वर्तमानपत्रांचं बिल भागून वर दिवाळी अंक येत. मंडळींनी सुस्कारा सोडला. आता पुन्हा दारोदार हिंडायला नको! आणि खरोखरच त्यानंतर कोणी हिंडलं नाही.

पुढे व्याजाचे दर उतरत गेले. ते कोणी उतरवले, का उतरवले, हे मी काउंटरवर बसून हजार वेळा समजावलं आहे आणि एकाही पेन्शनराला ते पटलेलं नाही. ठेव होती तिथेच राहिली. आज सहा टक्क्यांनी वर्षाला तीन हजार येतात, महिन्याला अडीचशे. आता त्यात बाईंचं मानधन सोडाच, वर्तमानपत्रांचं बिलही भागत नाही. रद्दी विकून येतात ते पैसे मिळवले तर कसंबसं भागतं. म्हणजे आम्ही पेपर घेतो ते बातम्यांसाठी नव्हे, रद्दीसाठी.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं. नेमकं ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटावर. पहिल्याच आठवड्यात तीन किल्ले पाण्याखाली गेले. आम्ही कपाटावर ताडपत्री घातली आणि तातडीची सभा बोलावली. चिटणीस म्हणाले, "ठेव मोडू." अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "ठेव मोडायची? अहो, लोकांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेले पैसे आहेत ते!" मग दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. ठेव कोरडी आणि पुस्तकं ओली, अशा अवस्थेत तासभर गेल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बँकवाले. तुम्ही सांगा, मोडायची का नाही?"

तेवीस वर्षांच्या नोकरीत जे एक उत्तर मी पक्कं शिकलो आहे, तेच दिलं. म्हटलं, "बघून सांगतो."

पण बघायचं कुठे? बँकेत ठेव मोडण्याचा फॉर्म मिळतो. मोडावी की नाही, हे सांगणारा फॉर्म मिळत नाही. तेव्हा मी म्हटलं, आपल्या आधी लोकांनी संस्था कशाच्या जोरावर चालवल्या ते तरी पाहू. आणि पाहू लागलो तर फार लांब जायला लागलं नाही. पिंपरीला लोणावळ्याची लोकल पकडली की देहूरोडच्या पुढे तळेगाव येतं. तिथल्या पैसा फंडापासून सुरुवात केली.

अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. विसाव्या शतकाची सुरुवात. देशात उद्योग नाहीत, उद्योगाला भांडवल नाही, सावकार हात आखडून बसलेले. काळे म्हणाले, मोठ्यांच्या दाराशी जायचंच कशाला? प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यावा. एकच पैसा. आता माझ्यातला कारकून इथे गप्प बसेना, म्हणून मी आकडेमोड केली. १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या साडेएकोणतीस कोटींच्या आतबाहेर होती. रुपयाचे पैसे तेव्हा चौसष्ट. म्हणजे सगळ्यांनी एकेक पैसा दिला असता तर वर्षाला सुमारे ४६ लाख रुपये झाले असते. त्या काळचे ४६ लाख! कागदावर ही योजना इतकी देखणी आहे की मला वाटतं, जगातल्या सगळ्या अर्थमंत्र्यांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावावी.

अडचण कागदाच्या बाहेर होती. एक पैसा घ्यायला कोणीतरी जावं लागतं. आणि त्या काळी पोस्टकार्डाची किंमतही एक पैसाच होती. म्हणजे एखाद्यानं वर्गणी दिली आणि तुम्ही त्याला सभ्यपणे आभाराचं कार्ड टाकलंत, की वर्गणी खलास! शाई आपल्या पदरची. तेव्हा पैसा फंडाचा सगळा डोलारा होता तो स्वयंसेवकांच्या पायांवर. ही माणसं पदरची भाकरी खाऊन हिंडली, डबा पुढे केला आणि पैसा पैसा जमवला. टिळकांनी या फंडाची पाठराखण केली. सगळ्या देशानं काही पैसा दिला नाही; पण जेवढा जमला तेवढ्यावर १९०८ साली, म्हणजे टिळक मंडालेला गेले त्याच साली, तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

काचेचाच का? कारण तेव्हा आपल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या आणि कंदिलांच्या चिमण्या परदेशातून येत. कारखान्यावर ईश्वरदास वार्ष्णेय आले. जपानात आणि अमेरिकेत शिकून आलेला माणूस. आता खजिनदार म्हणून तुम्ही माझ्या जागी बसून पाहा. लोकांचा पैसा पैसा जमवलेला. तो सरकारी रोख्यांत ठेवला असता तर साडेतीन टक्के निर्धास्त मिळाले असते. या मंडळींनी तो कुठे ठेवला? भट्टीत! काचेची भट्टी रात्रीसुद्धा विझवता येत नाही. ती सारखी खात असते. माझ्यासारखा खजिनदार असता तर पहिल्याच सभेत त्याला घाम फुटला असता, आणि तो भट्टीचा नसता.

पण त्या भट्टीपाशी पोरं काच फुंकायला शिकली. आणि शिकून तळेगावातच बसून राहिली नाहीत. देशात पुढे जे काच कारखाने निघाले, त्यांत तळेगावला हात तयार झालेले कारागीर गेले. वार्ष्णेय स्वतः संयुक्त प्रांतात गेले आणि तिथे त्यांनी काचेचा कारखाना काढला. ताळेबंदाच्या भाषेत हा शुद्ध तोटा. ज्याच्यावर खर्च केला तो माणूसच उठून गेला. मालमत्तेच्या बाजूला लिहायचं काय? पण फंडाचं नावच मुळी काचेचा फंड नव्हतं. देशात उद्योग व्हावेत म्हणून पैसा मागितला होता, आणि उद्योग झाले. फक्त ते दुसऱ्यांच्या वह्यांत जमा झाले.

तळेगावाहून मी आलो हिंगण्याला. म्हणजे महर्षी कर्व्यांकडे. अण्णा कर्वे गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे हिशेबात ते आम्हांला आतले वाटतात. १८९६ च्या जूनमध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो पदरचे हजार रुपये घालून. फर्ग्युसनच्या आजीव सभासदाला पगार किती, तर शंभराच्या आत. त्यातून हजार रुपये साठवायला किती वर्षं लागली असतील, ते ज्याच्या घरी महिनाअखेर येते त्यानं ओळखावं. एवढ्यावर थांबले नाहीत. आयुष्याचा विमाही आश्रमाला देऊन टाकला. मी हे आमच्या हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि त्यांच्या बायकोनं काय म्हटलं?" इतिहासाकडे पाहण्याची ही बायकांची दृष्टी मोठमोठ्या संशोधकांना नसते. बाया कर्व्यांनी संसार ओढला, आणि वर त्याही आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या.

प्लेगामुळे आश्रम गावाबाहेर हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला जागा दिली, झोपडी बांधायला पैसे दिले. १९०० साली आश्रम तिथे गेला. रस्ता धड नाही. अण्णा कॉलेज सुटल्यावर पुण्याहून चालत हिंगण्याला जात; पावसाळ्यात चिखल तुडवीत. आश्रमाच्या त्या वेळच्या ताळेबंदात ही मालमत्ता कुठल्या सदरात दाखवावी, हे आमच्या लेखापरीक्षकांना विचारलं पाहिजे. 'प्रवासखर्च: शून्य' एवढंच दिसत असणार.

म्हणजे तळेगाव काय आणि हिंगणे काय, गोष्ट एकच. लहान पैशाला पाय लागतात. मग माझ्या मनात आलं, की मोठा पैसा असता तर? एकदम, एकरकमी, एका माणसाकडून आलेला?

तोही अनुभव अण्णांच्याच खात्यात आहे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. पाच विद्यार्थिनी. गांधीजींना इंग्रजीची सक्ती पसंत नव्हती, तरी त्यांनी वर्षाला दहा रुपये कबूल केले. आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. पंधरा लाख! साडेतीन टक्क्यांनी वर्षाचं व्याज साडेबावन्न हजार. गांधीजींच्या वर्गणीच्या पाच हजार दोनशे पन्नास पट. इतकी मोठी रक्कम घेऊन कोणी आमच्या काउंटरवर आला असता तर मॅनेजर साहेबांनी त्याला केबिनमध्ये नेऊन स्वतःच्या हातानं चहा ढवळून दिला असता.

देणगीबरोबर विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या मातोश्रींचं नाव लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. ते लागावंच, देणाऱ्याची आईवरची माया त्यात आहे आणि पैसाही खऱ्या कामाला लागला. पण १९२२ साली विठ्ठलदास वारले. पुढे त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले. व्याजाचा ओघ मध्यंतरी थांबला. शेवटी तडजोड झाली आणि १९३६ साली विद्यापीठाचं मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेलं. यात वाईट कोणी नव्हतं. मोठ्या पैशाचा स्वभावच तसा आहे. तो येताना एकटा येत नाही. बरोबर कागद घेऊन येतो, कागदात अटी असतात, आणि अटी लिहिणारा माणूस गेला की त्यांचा अर्थ लावणारी माणसं उरतात. लहान पैशाला पाय लागतात. मोठ्या पैशाला वकील लागतात.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटलं ते वेगळंच. १९२९ साली, पंधरा लाखांच्या देणगीला नऊ वर्षं होऊन गेल्यावर, अण्णा एकाहत्तराव्या वर्षी बोटीत बसले आणि युरोप, अमेरिका, जपान करून आले. बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले. परत येऊन थोडा दम खाल्ला न खाल्ला तोच आफ्रिकेला निघाले. कशासाठी? विद्यापीठाची माहिती सांगायला आणि वर्गणी गोळा करायला! एकाहत्तरी म्हणजे आमच्याकडे पेन्शनर लोक हयातीच्या दाखल्यासाठी रिक्षानं बँकेत येतात आणि दोन पायऱ्या चढायच्या म्हणून मॅनेजरला शिव्या घालतात ते वय. ज्याच्या संस्थेला वर्षाला साडेबावन्न हजारांचं व्याज बांधलेलं, त्यानं दारोदार हिंडायचं कारण काय?

मला वाटतं, कारण या माणसाला हिशेब कळत होता. दारोदार हिंडल्यानं पैसे मिळतात, हा त्यातला निम्माच भाग. दुसरा निम्मा असा, की ज्या दारात तुम्ही जाता त्या दाराला कळतं, तुमची संस्था आहे. त्यानं चार आणे दिले की ती थोडी त्याची होते. पुढच्या वर्षी तो विचारतो, काय केलंत माझ्या चार आण्यांचं? हा प्रश्न विचारणारी माणसं जेवढी जास्त, तेवढी संस्था जिवंत. व्याज हा प्रश्न विचारत नाही. व्याज मुकाट्यानं खात्यात जमा होतं.

अण्णांचं पुढचं खातं तर माझ्यानं लवकर मिटवेना. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तरीला, खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. पेन्शन सत्तर रुपये. त्यातले पंधरा रुपये दरमहा या मंडळाला. मी टक्केवारी काढली: एकवीस टक्क्यांच्या वर. आपल्या आयकर खात्यानं धर्मादाय संस्थांना एक नियम घालून दिला आहे. उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के कामावर खर्च करा, फार तर पंधरा टक्के बाजूला ठेवा. सरकारलाही कळतं, की संस्थेनं साठवत बसू नये. अण्णांनी हा नियम संस्थेला नव्हे, स्वतःच्या पेन्शनला लावला, आणि तोही सरकारच्या आधी. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी आणखी एक संस्था काढली, समता संघ. १९५८ साली शंभरी गाठली, भारतरत्न झाले, आणि १९६२ साली गेले. एकशे चार वर्षं. गंगाजळी न साठवणारा माणूस इतका टिकतो, हे विमा कंपन्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

एवढा अभ्यास करून मी पुढच्या सभेला गेलो. बी.कॉम.नंतर इतकी तयारी मी फक्त प्रमोशनच्या परीक्षेची केली होती, आणि तिचा निकाल सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "मंडळी, पैसा तीन तऱ्हेचा. लहान पैशाला पाय लागतात. मोठ्या पैशाला वकील लागतात. आणि साठवलेल्या पैशाला वाळवी लागते. पन्नास हजार आजही पन्नास हजारच आहेत, पासबुकात एक पैसाही कमी नाही. पण १९९६ साली त्याच्या व्याजात ग्रंथपाल बाई, पेपर आणि दिवाळी अंक बसत होते, आज नुसते पेपरसुद्धा बसत नाहीत. ठेव आपण मोडलेली नाही. ती आपोआप मोडलेली आहे."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे सगळी उधळून टाकायची?"

"सगळी नाही," मी म्हटलं. "वर्षाचं मानधन, वीजबिल आणि पेपर, एवढं बाजूला ठेवू. अडीअडचणीला लागतं, आजारपणाला लागतं. बाकीची छपराला घालू. मुदतीआधी मोडली म्हणून बँक थोडं व्याज कापेल, ते कापू दे. पाऊस त्याहून जास्त कापतोय. आणि एक करू. दर रविवारी एकेक बिल्डिंग. दरमहा दहा रुपये घरामागे."

शेवटच्या वाक्यावर सभेत शांतता पसरली. छपराला सगळ्यांची मान्यता होती, पायांना नव्हती. सहचिटणीस तरुण आहेत. ते म्हणाले, "हिंडायला कशाला पाहिजे? मी दारावर क्यूआर कोड लावतो. आता दहा रुपये काय, एक रुपयासुद्धा मोबाइलवरून येतो." मला क्षणभर अंताजीपंत काळ्यांची आठवण झाली. एक पैसा गोळा करायला त्यांना गावोगाव माणसं पाठवावी लागली. आज पैसा जागच्या जागी येतो, कार्डाचा खर्च नाही, पोच आपोआप मिळते. आणि नेमका पैसाच चलनातून गेलेला! पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी २०११ च्या जूनअखेर बंद झाली. क्यूआर कोड लावला. महिनाभरात तीन जणांनी पैसे पाठवले. त्यांतले दोघे सभासद होते, आणि तिसऱ्यानं चुकून पाठवले होते, ते परत करावे लागले.

तेव्हा रविवारी निघालोच. मी, चिटणीस आणि पावतीपुस्तक. पहिल्या बिल्डिंगमध्ये अकरा दारं उघडली. त्यांतल्या सात ठिकाणी पहिला प्रश्न एकच: "वाचनालय? अजून आहे का ते?" चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या हिशेबवहीत ज्याची नोंद नव्हती, ती घट इथे दारोदार मोजून मिळत होती.

तिसऱ्या मजल्यावर एका काकांनी दार उघडलं. कंपनीतून रिटायर झालेले. बनियन, लुंगी, कपाळावर बुक्का. आम्ही आलो कशाला ते ऐकून घेतलं. मग आत गेले आणि एका जुन्या पाकिटातून घडीवर फाटत आलेला कागद घेऊन आले. वाचनालयाची पावती, रुपये एकवीस फक्त, १९९६.

"याचं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

मी खजिनदाराला शोभेल अशा अभिमानानं म्हटलं, "काका, एक रुपयासुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही. सगळे जपून ठेवलेत."

काका माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "जपूनच ठेवायचे होते," ते म्हणाले, "तर मीच ठेवले असते की."

यावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात काही उत्तर नाही. चिटणिसांनी छपराचं सांगितलं. काकांनी शंभराची नोट दिली आणि कपाटं भिंतीपासून लांब ओढा, ओल भिंतीतून येते, असं बजावलं. मी पावती फाडून दिली. त्यांनी ती १९९६ च्या पावतीला टाचणीनं टोचली, पुन्हा पाकिटात घातली, आणि आम्ही वरच्या मजल्यावर गेलो.